त्यात काय हाय

माझा राग आधी माझ्याच जिभेवर हाय, मग त्या रंगकंपनीवर.

मी धुळा. कुपवाडच्या एमआयडीसीत लोखंडाला रंग मारायचं माझं शेड हाय. माझ्या आईनं, हरणाबाईनं, जन्मभर घोंगड्यांना चिंचोक्याची खळ दिली. एकदा चिंचोक्याची टरफलं उकळलेलं पाणी गंजक्या घमेल्यात ऱ्हायलं, तर गंज काळा पडून घट्ट बसला. त्यावरनं अकरा म्हैने मरमर मेलो. शेवटी असा लेप जमला, की गंज न खरवडता वरनंच मारायचा. शहाण्णव साली त्या पद्धतीचं पेटंट मागितलं.

कंपनीनं हरकत घेतली. ह्यात शोध कसला? हे तर उघडच हाय, कुणाबी जाणत्याला सुचलं असतं! आन् पुरावा माझंच वाक्य. इस्लामपूरच्या एका कारखान्यात लेप दाखवला, तवा तिथं आलेल्या ह्याच रंगकंपनीच्या इंजिनिअरनं वा वा केली. चार माणसांत मोठेपणा नको, म्हणून मी बोललो, "त्यात काय हाय सायेब, कुणालाबी जमंल." त्या मुडद्यानं ते लिहून घेतलं. आरं, आमी पावण्याला पुरणपोळी वाढूनबी "गोड मानून घ्या, चटणी-भाकर हाय" म्हणतो. म्हणून ती चटणी-भाकर हुती व्हय?

मुंबईला पेटंट कचेरीत सुनावणी झाली. माझी वकील, साताऱ्याची ऋचाताई, कंपनीच्या तज्ज्ञाला म्हणाली, "तुमचंच माहितीपुस्तक मोठ्यानं वाचा." त्यानं वाचलं, "लेपाआधी गंजाचा कणही ठेवू नये."

मला ऱ्हावलं न्हाई. "उघड व्हतं, तर वीस वर्सं लोकांस्नी खरवडाय का लावलंसा? माझा लेप बगूस्तवर आंधळं, आन् बघितल्यावर उघड?"

अधिकारी सायबांनी मला थांबवलं. "धुळा, हे सोपं होतं का?"

जिभेवर पुन्हा तेच आलं. गिळलं. "न्हाई सायेब. लय अवघड व्हतं."

म्हैन्यानं निकाल आला. हरकत फेटाळली, पेटंट मला. कागद घेऊन घरी पळालो. आई खळ ढवळत हुती. म्हणलं, "आये, हे समदं तुझ्या खळीमुळं."

"माझं त्यात काय हाय रं?"

मी असा खेकसलो, की तिच्या हातातला चाटू पडला. "पुन्यांदा म्हणू नगंस! त्या एका शब्दापायी बुडालो असतो!"

आईनं चाटू उचलला, पदरानं पुसला.

"अवघडच असतंय," ती म्हणाली. "टरफलाचा तुकडा ऱ्हायला तरी घोंगडं डागाळतंय. हात बसाय मला धा वर्सं लागली. कवा कुणी इचारलंच न्हाई."