पडद्याच्या अलीकडचे कान

"परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्ये जाड पडदा असल्यामुळे निवडीत पक्षपाताला तिळमात्र जागा नाही," असे वाद्यवृंदाच्या नियमावलीचे पहिलेच कलम छातीठोकपणे सांगते. पडदा जाड होता, यात वाद नाही. पलीकडे कोण वाजवते आहे हे अलीकडे खरोखरच दिसत नसे. अलीकडे बसलेल्याला ऐकू येते की नाही हे तपासणारे कलम मात्र नियमावलीच्या चौसष्ट पानांत कुठेही नव्हते. डोळ्यांचा एवढा धसका घेतलेल्या विद्वानांनी कान गृहीत धरले होते.

नऊ वर्षे ती त्या पडद्यामागे उभी राहून व्हायोलिन वाजवत आली होती आणि नऊ वर्षे मुख्य परीक्षकांच्या सहीने एकच शेरा घरी येत होता : वरच्या सप्तकात प्राण नाही. त्या नऊ वर्षांत दुसराही कोणी व्हायोलिनवादक निवडला गेला नव्हता. वार्षिक अहवालांनी त्याला 'दर्जाशी तडजोड नाही' असे गोंडस नाव दिले होते. एका उमेदवाराला दहाच संधी मिळत. दहावी पंधरवड्यावर आली होती.

"भरलास अर्ज?" थोरल्या बहिणीने दोरीवर चादर झटकत विचारले.

"भरला."

"धन्य आहे बाई तुझी! अगं, दगडावर रोज डोकं आपटलं तर काहीतरी झिजतंच."

"तेच तर म्हणते मी."

"झिजतं ते डोकं, शहाणे!"

पोटासाठी ती कानाच्या दवाखान्यात श्रवणचाचण्या घेई. तिथली आवाजबंद खोली जेवणाच्या सुट्टीत रिकामी असे, आणि रियाजाला त्याहून चांगली जागा तिला परवडणारी नव्हती. त्या दिवशी ती व्हायोलिन पेटीत ठेवते न ठेवते तोच एक वृद्ध गृहस्थ आत आले. बायकोने हट्टाने पाठवले, असे त्यांनी न विचारताच सांगितले. फॉर्मवरची सही तिने लांबूनच ओळखली. नऊ वर्षे तीच त्या शेऱ्याखाली घरी येत होती.

"आवाज आला की बटण दाबा, सर. कितीही बारीक असला तरी."

खालच्या सुरांना त्यांनी चोख बटण दाबले. सूर जसजसे वर चढू लागले तसतसा अंगठा मंदावला आणि मग हललाच नाही. आवाज ती वाढवत गेली. काचेपलीकडे ते, भाषण अजून सुरू व्हायचे आहे असे समजणाऱ्या श्रोत्यासारखे, शांत बसून होते. आलेखाची रेषा दरीत कोसळली.

तिला आधी झाला तो आनंद, आणि त्या आनंदाची तिला किळस आली. आपल्या हाताने सूड तर घेतला नाही ना? तिने हेडफोन बदलला, चाचणी पहिल्यापासून पुन्हा घेतली. दरी तीच, तेवढीच खोल.

"बटण बिघडलंय की काय तुमचं?" बाहेर येत त्यांनी विचारले.

"बटण ठीक आहे, सर." तिने कागद पुढे केला. "इथून वरचं तुम्हाला जवळजवळ ऐकूच येत नाही."

"कधीपासून?"

"वर्षं झाली असतील. अशी उतरण एका दिवसात होत नाही."

कागदावरून त्यांची नजर वर आली ती तिच्या डाव्या जबड्याखालच्या काळसर घट्ट्यावर थबकली. तो घट्टा कशाने पडतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

"व्हायोलिन?"

"हो."

"कुठं वाजवता?"

"तुमच्या पडद्यामागे. नऊ वर्षं झाली."

ते हळूच खुर्चीत बसले. "शेरा काय यायचा?"

तिने सांगितला.

"दरवेळी?"

"काना-मात्रेचाही फरक नाही. माझ्या बहिणीलासुद्धा पाठ झालाय."

"हा कागद बाहेर गेला तर..."

"कागद पेशंटचा असतो. तुम्ही न्याल तिथंच जाईल. मी कुणाला सांगणार नाही."

"का? तुमच्या हातात आलंय सगळं."

"मला वाजवून आत यायचंय, सर. दवाखान्याच्या मागच्या दारानं नाही."

निरोप न घेताच ते गेले. पंधरा दिवस काहीच घडले नाही. ती सुट्टीत त्याच खोलीत रियाज करत राहिली.

परीक्षेच्या दिवशी ती पडद्यामागे उभी राहिली आणि वाजवले ते गेल्या खेपेसारखेच, ना कमी ना जास्त. वाजवून झाल्यावर एरवी घंटी होई आणि उमेदवाराने निघून जायचे असे. घंटी झाली नाही. उमेदवाराशी बोलण्यास सक्त मनाई असलेल्या त्या दालनात पडद्यापलीकडून एक अनोळखी बाई म्हणाली, "शेवटचा भाग पुन्हा वाजवाल? गुण द्यायला नव्हे हो. ऐकायचाय."

त्या आठवड्यात तिला रुजू होण्याचे पत्र आले. अहवालाने तिच्या निवडीचे श्रेय 'निर्दोष पद्धती'ला देऊन टाकले आणि मुख्य परीक्षक वैयक्तिक कारणास्तव निवृत्त झाल्याची नोंद केली. ते कारण त्यांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी, आलेख जोडून, स्वतः लिहून दिले होते. पत्र कार्यालयाच्या फायलीत आहे आणि शब्दशः असे आहे :

"दारावरची घंटा वाजली की ती मला पत्नीच्या उठण्यावरून कळते. हे मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होते. तपासणीला गेलो नाही, कारण खुर्ची सोडवत नव्हती. मी नापास केलेल्यांपैकी एकही व्हायोलिनवादक मी पुरता ऐकलेला नाही."