थोरल्या मास्तरांचं मनगट

वडील गेल्यापासून धाकट्या मास्तरांना काही म्हणजे काही वाटत नव्हतं. भूक लागली की जेवायचे, झोप आली की झोपायचे. ताई म्हणाली, "एकदा रडून तरी घे रे. नुसता दगड झालायस." त्यांनी मान डोलावली, चेंडूंची बादली उचलली आणि गोल्फच्या मैदानावर शिकवायला गेले. दगडाला कामावर जायला कुणाची हरकत असते!

मैदानावर चष्म्याच्या दुकानवाल्या बाई वाट बघत होत्या. थोरल्या मास्तरांच्या, म्हणजे वडिलांच्या, या शेवटच्या शिष्या.

"अरे, चेंडू सारखा उजवीकडे झाडीत जातोय," बाई म्हणाल्या. "रविवारी नणंदेशी सामना आहे. तिच्यापुढे नाक कापलं जाईल माझं."

"मारून दाखवा."

बाईंनी क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मागे नेला. हात खांद्यापर्यंत पोचले आणि डावं मनगट मागे मुडपलं. मास्तर बघतच राहिले. ते मनगट वडिलांचं होतं.

वडिलांचं तरुणपणी सायकलवरून पडून मोडलं होतं आणि वाकडंच सांधलं गेलं होतं. कंबरेचा एक झटका देऊन ते चेंडू बरोबर सरळ काढायचे. शिष्यांनी वाकडं मनगट तेवढं उचललं, झटका कुणाच्या बापाला जमला नाही. मग एकेकाचं मनगट धाकटे मास्तर सरळ करत बसायचे. वडील हसायचे, "मी बिघडवतो, तू दुरुस्त कर. दोघांचंही दुकान चालेल." त्या सगळ्यांत बाई तेवढ्या राहून गेल्या होत्या.

"काय रे, काही चुकतंय का?"

"मनगट मागे मुडपतंय."

"अरे, थोरल्या मास्तरांचं असंच होतं की!"

"हो. त्यांचंच आहे ते."

गप्प बसता आलं असतं. नणंदेशी हरून कुणी मरत नाही. पण समोर चूक दिसत असताना नुसत्या पाट्या टाकणं त्या घरात कुणाला जमलंच नव्हतं. मास्तरांनी लाकडी पट्टी काढली आणि बाईंच्या हातमोज्यात, मनगटाच्या पाठीवर सरकवली. मनगट मुडपलं की पट्टी टोचायची. बाई दोन-चारदा "आई गं!" म्हणाल्या. मग मनगट सपाट राहिलं आणि चेंडू सरळ झेंड्याकडे गेला.

"जमलं! आता नाही मुडपत!"

"नाही," मास्तर म्हणाले. "आता नाही."

बाई खुशीत गेल्या. मास्तरांनी स्वतः क्लब मागे नेला आणि मुद्दाम मनगट मुडपून पाहिलं. मुडपलं, पण खाली येताना सरळ झालं. पुन्हा केलं, पुन्हा सरळ. लहानपणी वडिलांनीच या हाताला हीच पट्टी बांधली होती. "माझ्याकडे बघून शिकू नकोस," म्हणाले होते.

मास्तरांनी क्लब खाली टाकला. उजव्या हाताने डावं मनगट मागे दाबलं, वडिलांचं दिसायचं तसं दिसेपर्यंत. हात सोडला, तसं ते पुन्हा सरळ झालं. मग त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई," ते म्हणाले. "बाबा गेले गं."

"हो रे," ताई म्हणाली.