दुसरा फटका

खेमसिंगचा हात म्याच मोडला. फावड्याच्या दांड्यानं, भर दुपारी, त्याच्याच वावरात. दवाखान्यात त्यानं सांगतलं, बैलानं ढुसणी देली. बाईच्या हातचा मार खाल्ला हे कोणता माणूस डॉक्टरले सांगते? पण गावाले सगळं माहीत होतं. अन् गाव माह्या बाजूनं होतं, हीच तं भानगड झाली.

आमचं गाव फुलसावंगीच्या पल्याड. माह्या वावराले खेमसिंग राठोडचं वावर लागून हाय, मधात फक्त धुरा, दोन हात रुंदीचा बांध. माह्या नवऱ्याचा, धर्मपालचा, तो जिवाचा दोस्त. चार वर्सांमागं पराटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारता फवारता धर्मपाल वावरातच कोसळला, तोंडाले फेस आला, तवा त्याले पाठीवर घेऊन सडकेपर्यंत धावला तो खेमसिंगच. हे मले माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी मारलं.

धर्मपाल वाचला, पण हात कापतात त्याचे. चहाची कपबशी धरता येत नाही. त्या दिवसापासून म्या वावरात विषाचा थेंब येऊ देला नाही. मंग शेती शिकवणारी उर्वशीताई आली महागावाहून, स्कुटीवर. म्हणे आपण बायाईची शेतीशाळा घेऊ, दर बुधवारी, वावरातच. पोरगी पंचवीसची, पण बोलणं अस्सल मास्तरणीचं. तिनं आमाले जमीन झाकायले शिकवलं. कापूस वेचल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या जाळू नका, तुकडे करून ओळीच्या मधात पसरा. उघडी जमीन तापते, झाकलेली ओल धरते. शेणाचं जीवामृत शिकवलं, दहा झाडांच्या पाल्याचं दशपर्णी शिकवलं, पराटीत चवळी अन् तूर लावायले शिकवली. माणसं पारावर बसून हासत. सत्यशीला वावरात कचरा टाकून राह्यली म्हणत. हासा लेकाहो, म्हटलं.

माह्यासंगं आणखी चौदा बाया. यंदा त्या चौदाईच्या घरच्यांनी अट घातलती: सत्यशीलाची एकरभर पराटी पोळ्यापर्यंत टिकली, तं पुढच्या साली तुमाले बी एक एक एकर सोडू. नाही टिकली, तं बुधवारची नाटकं बंद. म्हणजे सगळ्याईचा जीव माह्या एका एकरात अडकला. मले झोप गोड लागत नव्हती, खरं सांगते.

आषाढ सरताना पाण्यानं वीस दिवस दडी मारली. आजूबाजूच्या पराट्याईनं माना टाकल्या, माही उभी. पालापाचोळा उचलला की खाली ओली काळी माती, त्यात गांडुळं. माणसं मुद्दाम वाट वाकडी करून पाहून जात. जमनी, आमच्यातली सगळ्यात तिखट बाई, नवऱ्याले हाताले धरून घेऊन आली अन् म्हणाली, "पाह्य, डोळे फाडून पाह्य." मी अशी फुगली होती का विचारू नका.

मंग पाणी आलं, पाठोपाठ पानं चोखणारा मावा किडा आला, अन् म्या दशपर्णी फवारलं. पाचव्या दिवशी दुपारी वावरात गेली तं पराटीचे शेंडे वाकलेले. पानं बोटासारखी लांबोडी झालती, बेंडकाच्या पंजासारखी. असं पान शेतीशाळेत ताईनं फोटोत दाखवलं होतं. गवत मारायचं औषध पराटीले लागलं की असंच होते. आठ दिवसांमागं खेमसिंगले धुऱ्यावर तेच औषध मारताना म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं होतं. तवाच त्याले म्हटलं होतं, "भाऊ, एक थेंब इकडे उडाला तं हात मोडीन." तो हासला होता. मीबी हासली होती.

पाय आपोआप निघाले. फावडं उचललं, पातं काढून फेकलं, दांडा घेतला. खेमसिंग अन् त्याची बायको लालीबाई बोरीखाली भाकर खात होते. "ऊठ," म्हटलं. तो घास हातात घेऊनच उठला. "काय झालं, वहिनी?" पहिला फटका खांद्यावर घातला. भाकर मातीत पडली. लालीबाई "याडी वं!" म्हणून बंजारीत आईच्या नावानं किंचाळली. पाच फूट अकरा इंचाचा गडी, एका हातानं मले उचलून फेकलं असतं, पण त्यानं हात उचलला नाही. खांदा धरून धुऱ्यापर्यंत आला, माह्या पराटीकडे पाह्यलं, बराच वेळ पाह्यलं. मंग माह्याकडे वळून हळूच विचारलं, "वहिनी, पंप धुतला होता का?"

पंप त्याचाच होता. माह्या पंपाचा दांडा तुटला म्हणून दशपर्णी फवारायले म्या त्याचा मागून आणलता. देतानाच बिचारा म्हणालता, यात गवताचं औषध होतं, सर्फानं तीन पाण्यात धू. हो हो म्हटलं अन् विहिरीवर एका बादलीनं खंगाळून घेतला. घाई होती. अन् विष काय, ते दुसरे लोक मारतात. माह्या हातून पडूच शकत नाही, असाच माहा तोरा.

त्यानं विचारलं अन् म्या दुसरा फटका मारला. त्यानं हात आडवा घातला, त्या हातावरच बसला. तुरीची वाळली काडी मोडते तसा आवाज झाला. हात कोपराच्या खाली भलत्याच जागी वाकला. तो मटकन खाली बसला, ओरडला नाही, नुसता दात आवळून श्वास ओढत राह्यला. मी तिसराबी मारला असता. लालीबाईनं माह्या मनगटाले कडकडून चावा घेतला, रगत निघालं, तवा दांडा सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया जमल्या. जमनी पुढे, सगळ्याईच्या हातात विळे. "आपली शाळा मारली त्यानं," जमनी म्हणाली, "त्याची पराटी उभी ठेवायची काय?" अन् घुसल्या. पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, लागलेली पराटी, कमरेएवढी. सपासप, सपासप. खेमसिंग दवाखान्यात होता. लालीबाई एकटी गोटे मारत होती, रडत होती, बंजारीत शिव्या देत होती. एक गोटा जमनीच्या कपाळाले लागला. जमनीनं तिचे केस धरले, चिखलात तोंड दाबलं, वरून लाथ घातली. मी धुऱ्यावर उभी. थांबा म्हणायले एक शब्द लागत होता. अन् म्या काय म्हटलं माहीत हाय? म्हटलं, "मुळापासून घ्या."

तीस ओळी गेल्या. मी घरी आली तं धर्मपाल ओट्यावर बसला होता. त्यानं माह्या मनगटाकडे पाह्यलं, चप्पल घातली अन् खेमसिंगकडे दवाखान्यात गेला. चार दिवस तो तिथंच राह्यला. त्या कापत्या हातानं त्यानं खेमसिंगले पाणी कसं पाजलं असंन, ते त्यालेच माहीत.

बुधवारी उर्वशीताई आली. चौदाही बाया माह्या वावरात गोल करून बसल्या. ताईनं खेमसिंगलेबी बोलावलं होतं. तो आला, गळ्यात हात बांधलेला, बाजूले लालीबाई, तिच्या गालावर अजून काळंनिळं. जमनीच्या कपाळाले पट्टी. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"ताई, लिहून घे," जमनी म्हणाली, "आमाले ठाण्यात कागद द्यायचा हाय या माणसाच्या नावानं."

ताई ओळीओळीतून फिरली. वाकून पानं पाह्यली, पुढे गेली, मागे आली. मंग म्हणाली, "काकू, धुऱ्याजवळच्या ओळी तर हिरव्यागार आहेत. औषध वाऱ्यानं आलं असतं, तर आधी त्याच गेल्या असत्या. खराबी विहिरीपासून सुरू होते. तुम्ही फवारणी कुठून सुरू केली होती?"

"विहिरीपासून," म्हटलं.

"कोणत्या पंपानं?"

खेमसिंग खाली पाहत होता. माहा पंप म्हटलं असतं तं चालून गेलं असतं. चौदा बाया माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या, पराटीच्या रसानं त्याईची बोटं अजून काळी होती. खरं बोललं तं पराटी शाळेच्याच हातानं मेली ठरंन अन् शाळा बंद, अन् तीस ओळीचं पाप त्याईच्या माथी. नाही बोललं तं या माणसावर ठाण्याचा कागद.

"खेमसिंगभाऊचा पंप," म्हटलं. "म्या मागून आणला. तीन पाण्यात धू म्हणाला होता, म्या एका पाण्यात खंगाळला. त्याची काही चूक नाही. माही पराटी म्याच मारली."

जमनी उठली. मले वाटलं आता बोलंन. तिनं सरळ थोबाडात हाणली, मंग उलट्या हातानं दुसरी. ओठ फुटला. "आमच्या हातानं कापायले लावली तू!" ती ओरडली. "त्या बाईच्या तोंडावर लाथ मारली म्या, तुह्यासाठी!" अन् तिथंच चिखलात बसून मोठ्यानं रडायले लागली. मी रगत पुसलं नाही. पडू देलं.

खेमसिंग पुढे आला. "जमनी, बस कर," म्हणाला. मंग माह्यासमोर उभा राह्यला. "पहिला काहून मारला ते मले समजलं, वहिनी. तुह्या जागी मी असतो तं म्याबी मारला असता. दुसरा काहून मारला?"

रागात, म्हणता आलं असतं. तो तेवढी जागा सोडून राह्यला होता माह्यासाठी. सगळे तेच ऐकायले बसले होते.

"तू पंपाचं विचारलं तवाच मले समजलं होतं, भाऊ," म्हटलं. "म्हणून मारला."

तो लालीबाईले म्हणाला, "चाल." धुरा ओलांडला की दहा पावलांवर त्याचं वावर. पण तो धुऱ्यावरून गेला नाही. तुटका हात छातीशी धरून पूर्ण वळसा घालून सडकेनं गेला.