कोहळ्यावरचा महापौर

भानटोल्याच्या चिंचेखाली त्या दुपारी जेवढी माणसं जमली होती, तेवढी लांजीच्या बाजारातही एका जागी सापडत नाहीत. बायका लेकरं काखेत मारून आल्या होत्या आणि धानाचे बांध अर्धवट टाकून आलेले गडी चिखलाच्या पायांनीच उभे होते. सगळ्यांचं लक्ष गोंदियाहून येणाऱ्या बसकडे होतं. त्या बसमधून नागपूरचा पेपर येणार होता, आणि नागपूरचा नवा महापौर कोण हे त्यात छापलेलं असणार होतं.

नागपूरच्या महापौराशी भानटोल्याला काय देणंघेणं, असं कोणी विचारील. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, पण इथल्या माणसांचे कान नागपूरकडेच राहिले. घरटी एक पोरगा तिथल्या गिरणीत कामाला, एक लेक तिथे दिलेली. तरीसुद्धा भुसारी निवडून आले काय नि ढवळे आले काय, भानटोल्याच्या विहिरीचं पाणी काही वाढणार नव्हतं. गर्दी महापौरासाठी नव्हतीच. ती होती कोहळेबाबासाठी.

हा बाबा पावसाळ्याच्या तोंडी बैलगाडी घेऊन आला आणि गावप्रमुख मोतीलाल पटलांच्या पडीक जागेत ठाण मांडून बसला. मागच्या बाजूला मांडव घालून त्याने कोहळ्याचा वेल चढवला आणि भोवती बांबूची तट्टी ठोकली. तट्टीच्या आत बाबा आणि त्याचा चेला तेजराम, तिसऱ्याला मज्जाव. पुढे गावातली ढोरं पटापट मरायला लागली तेव्हा बाबाने जाहीर केलं, "गाँव में टोनही है, ढोरं खाणारी चेटकीण. नाव मी सांगत नाही, देवी माँ सांगेल. माँ कोहळ्यावर लिहिते. आधी नागपूरचा महापौर लिहील. ते खरं ठरलं तर दुसऱ्या कोहळ्यावर टोनहीचं नाव वाचा. बाबा पढ़ा-लिखा नहीं है, बाबा सिर्फ दिखाता है."

न शिकलेल्या बाबाची ही जाहिरात मात्र चांगल्या शिकलेल्याला लाजवील अशी होती.

गर्दीच्या कडेला औषधाची पेटी खांद्याला लावून गुणाकर उभा होता. हा बालाघाटचा, सरकारी ढोरांचा डॉक्टर. ढोरं कशाने मरताहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. घटसर्प. गळा सुजतो, ताप चढतो, श्वास कोंडतो आणि दिवसाच्या आत जनावर आडवं होतं. पहिल्या पावसात तो लस घेऊन आला होता, पण सुईने दुधाचं रक्त होतं असं बाबाने आधीच पसरवून ठेवलं होतं. एकट्या गोदाबाईने आपली गाय आणि म्हशी आणून त्याच्यापुढे बांधल्या. गोदाबाई विधवा, पोटी मूल नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आता सगळ्यांचे गोठे रिकामे होत होते आणि तिचा भरलेला होता. गावात कुजबूज कोणाच्या नावाची चालली आहे हे गुणाकरच्या कानावर आलं होतं.

बस आली. मोतीलाल पटलांनी पेपर उघडला आणि मोठ्याने वाचलं, "महापौरपदी भुसारी."

बाबा तट्टीच्या आत गेला. आत कोयत्याचे घाव ऐकू आले. थोड्या वेळाने लाल फडक्यात गुंडाळलेला कोहळा डोक्यावर घेऊन तो बाहेर आला आणि त्याने फडकं सोडलं. कोहळ्याच्या पांढुरक्या सालीवर तपकिरी, फुगीर अक्षरं होती: भुसारी.

लोकांनी जमिनीला डोकी टेकली. गुणाकर पुढे झाला.

"काल रात्री रेडिओवर कळलं असेल आणि काट्याने कोरलं असेल. यात कसला चमत्कार?"

डोमाजी हसला. गावातला सगळ्यात जाणता शेतकरी, आणि गेल्या पंधरवड्यात त्याच्या दोन्ही बैलजोड्या गेल्या होत्या. "डाक्टर, तुमी ढोराचे डाक्टर आहा, कोहळ्याचे नाही. हात लावून पाहा. एका रातीत खरचटलं असं भरून येते का जी? फळ मुठीएवढं असताना लिव्हलं आहे हे. महिनाभर झाला असंल. तवा निवडनूक कोठं झालती?"

गुणाकरने अक्षरांवरून बोट फिरवलं. जखम जुनी होती, भरलेली होती, फळाबरोबर रुंदावलेली होती. वासराला दिलेला डाग बैल मोठा होतो तसा पसरतो, हे तो रोज पाहत होता. डोमाजी खोटं बोलत नव्हता. गुणाकरला उत्तर सुचलं नाही आणि तो गप्प राहिला.

शिकलेला माणूस गप्प बसला की अडाण्याचा संशय फिटतो. बाबाने दुसरा कोहळा आणला. त्यावर लिहिलं होतं: गोदा.

पुढचं फार झपाट्याने घडलं. चार गड्यांनी गोदाबाईला केस धरून तिच्या दारातून ओढत आणलं आणि चिंचेच्या बुंध्याला बांधलं. टोनहीला एरंडाच्या फोकाने मारतात, असं बाबाने सांगितलं होतं. तेजरामने फोकांचा भारा तयारच ठेवला होता. पहिला फोक डोमाजीने घेतला.

"माहे बैल काहून खाल्ले तू? बोल!"

"म्या काही नाही केलं, डोमाजी. सुई देल्ली होती न जी माह्या ढोराईले. डाक्टरले पुसा."

तिच्या तोंडावर फोक बसला. ओठ फाटला. दुसरा, तिसरा, मग मोजणारं कोणी उरलं नाही. फोक तुटले तेव्हा एकाने लाठी घेतली. तिने बांधलेला हात वर उचलायचा प्रयत्न केला, तसं मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज गुणाकरला स्पष्ट ऐकू आला. तो मध्ये घुसला. लाठीचा दुसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि तो पेटीसकट चिखलात पडला. ज्यांच्या घरचा चहा तो पीत आला होता, त्याच लोकांनी त्याला पायाने बाजूला सारलं.

एवढ्यात तट्टीमागून विचित्र घरघर ऐकू आली. बाबाचा पांढरा बैल, ज्याला गाव नंदी म्हणून ओवाळत होतं, दावं तोडून बाहेर आला होता. मान ताणलेली, जीभ निळी पडून बाहेर आलेली, तोंडातून लाळेच्या तारा. त्याची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. गुडघे मोडून तो गर्दीसमोरच कोसळला.

बाबाने संधी सोडली नाही. "देखा? बांधी हुई है फिर भी नंदीचा गळा धरते! नंदी जाण्याआधी हिला संपवा!"

लाठ्या पुन्हा उचलल्या गेल्या. गुणाकर चिखलातून उठला. त्याच्या नजरेने बैलाच्या गळ्यावरची गाठ टिपली होती. घटसर्पाची सूज पसरट असते. ही गाठ एका जागी होती, आणि बैल गिळायला गेला की हलत होती.

"थांबा!" तो ओरडला. "नंदी मेला तर करा काय करायचं ते. आधी मला त्याच्या घशात हात घालू द्या."

हे शब्द तोंडातून निघाले आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. एका बाईचा जीव त्याने बैलाच्या श्वासाला बांधला होता. पण मोतीलाल पटलांनी हात वर केला आणि लाठ्या तेवढ्यापुरत्या थांबल्या.

"हात मत लगाना!" बाबा धावून आला. "नंदी समाधीत आहे."

"आत्ता तं टोनहीनं धरला म्हनत होता," पटील म्हणाले.

गुणाकरने जाड पोकळ सुई बैलाच्या फुगलेल्या कुशीत ठोकली. वायू शिट्टी वाजवत सुटला, रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. मग त्याने तुटलेली लाठी बैलाच्या जबड्यात आडवी घातली आणि कोपरापर्यंत हात घशात सारला. दाढांनी त्याची कातडी सोलून निघाली. बैलाने झटका दिला, तसा दुखरा खांदा डोळ्यांपुढे अंधारी आणून गेला. बोटांना काहीतरी टणक लागलं. त्याने ते धरलं, फिरवलं आणि ओढून काढलं.

कोहळ्याची जाड फोड होती. बैलाने फडाफडा श्वास घेतला.

गुणाकरने सदऱ्याने लाळ आणि रक्त पुसलं, आणि त्याचे डोळे सालीवर थांबले. मग त्याने ती फोड डोमाजीच्या हातात दिली.

"तुम्ही कोहळ्याचे जाणते. सांगा, हे कधीचं लिहिलेलं आहे?"

डोमाजीने बोट फिरवलं. सालीवर तपकिरी, फुगीर अक्षरं होती: ढवळे.

"हेबी महिन्याचंच आहे," तो हळूच म्हणाला. "पन ढवळे तं पडला न."

"पडला म्हणूनच बैलाच्या पोटात गेला. निवडून आला असता तर फडक्यात आला असता."

तट्टी मोडायला वेळ लागला नाही. गव्हाणीत तेजरामने घाईघाईने तोडून टाकलेल्या फोडी पडल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर तिसऱ्या उमेदवाराचं, लोखंड्यांचं, नाव होतं. महिनाभर पेपरात हीच तीन नावं गाजत होती. बाबाने तिन्ही कोवळ्या फळांवर काट्याने कोरली होती. पेपर आला तशी जिंकलेल्याची आरती केली, हरलेल्यांचा चारा केला.

मांडवावर आणखी लाल फडकी लटकत होती. डोमाजीने स्वतः एक सोडलं. कोहळ्यावर लिहिलं होतं: सत्यभामा.

सत्यभामा त्याची बायको. ती गर्दीतच उभी होती. दुसऱ्या फडक्याखाली मोतीलाल पटलांच्या सुनेचं नाव निघालं, पुष्पलता. गोदाबाईची ढोरं मेली असती तर ज्या घरची जगली असती, त्या घरचा कोहळा निघाला असता.

डोमाजीने फडकं फेकून दिलं. त्याने लाठी उचलली आणि बाबाच्या पाठीत घातली. मग सगळेच तुटून पडले. तेजराम पळाला, बाबा चिखलात लोळला, त्याचे दात पडले, जटा उपटल्या गेल्या आणि त्या खोट्या निघाल्या. हिंदी विसरून तो शुद्ध मराठीत गयावया करू लागला. गुणाकर त्याच्यावर आडवा पडला.

"पुरे! मेला तर उद्या त्याचीच समाधी बांधाल. लांजीच्या ठाण्यात द्या त्याला. आणि आधी त्या बाईला सोडा. ती अजून बांधलेली आहे."

तेव्हा कुठे लोकांना आठवण झाली.

डोमाजीने दोर सोडला. गुणाकरने फोकांच्या काटक्या लावून तिचं मनगट बांधलं. डोमाजी तिच्या पायाशी वाकला. "चुकलो, गोदाबाई."

एका डोळ्याने तिला दिसत नव्हतं, इतका तो सुजला होता. दुसऱ्याने तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या सत्यभामेचं नाव निघालं म्हनून चुकलं तुमचं. नसतं निघालं तं?" मग ती गुणाकरकडे वळली. "अन् डाक्टर, बैलानं चावून गिळलं असतं तं? मी टोनहीच झाली असती न?"

या वेळी गुणाकर गप्प बसला नाही.

"हौ, गोदाबाई," तो म्हणाला. "मी गप्प राहिलो, तिथेच मीही तुम्हाला मारलं."

दुसऱ्या दिवशी तिच्याच अंगणात त्याने लशीची पेटी उघडली आणि उरलेली ढोरं रांगेत उभी राहिली. प्रत्येक दावं हातात घेताना तो मालकाला एकच गोष्ट सांगत होता, आणि तीच तुम्हा-आम्हालाही पुरेशी आहे. खरा ठरलेला एक कोहळा कोणी डोक्यावर मिरवत आणला, तर बाकीचे कुठे आहेत ते विचारा. आपल्याला उत्तर सुचलं नाही म्हणून समोरचा देव ठरत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाही बाईवर हात उचलू नका, कारण पुरावा दर वेळी बैलाच्या घशात अडकत नाही.