खिळ्यांच्या दातांचा घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. घोडा म्हटल्यावर पाठ, पाय, शेपूट असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. मी नुसतं डोकं आहे. खाली दांडा, मानेला शिवलेली जुनी गोधडी आणि जबड्यात खिळ्यांचे दात. आत दोरी आहे. ती ओढली की जबडा खाडकन मिटतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. छत्री असो, खुर्ची असो, झिजून झिजून शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी त्यातला नाही. मी डूख धरतो.

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर टिल्ट आर्म नावाचं आमचं मासेमारांचं गाव आहे. तिथे होड्या बांधणाऱ्या अ‍ॅम्ब्रोज पार्डीने मला घडवलं. होडीसाठी आणलेल्या एका ओंडक्यात मोठी गाठ निघाली, म्हणून त्याने त्यातून माझं डोकं कोरलं. जबड्याची बिजागरी जुन्या बुटाच्या चामड्याची केली. खिळे ठोकताना बायको म्हणाली, "अहो, कुणाला तरी लागेल. बोथट तरी करा." अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, "न चावणाऱ्या घोड्याला कोण भितं? राहू देत." त्या एका वाक्यासाठी मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

माझं काम नाताळातलं. त्या बारा दिवसांत आमच्याकडे सोंगं निघतात. बाप्ये बायकांचे झगे घालतात, बाया मासेमारीचे तेलकट कोट चढवतात, पोटाला उशी बांधतात, डावा बूट उजव्या पायात घालतात आणि तोंडावर खिडकीचा जाळीदार पडदा घेतात. मग कुणाचंही दार ठोठावायचं आणि श्वास आत ओढत, आवाज बदलून विचारायचं, "सोंगं येऊ देत का?" घरच्यांनी आत घ्यायचं आणि ओळखायचं. नाव बरोबर आलं की सोंगाने पडदा वर करायचा, केक खायचा, पेला घ्यायचा. नाही ओळखलं तर सोंग नाचून तसंच निघून जातं. नियम एकच. हवी तेवढी नावं घ्या, पण दुसऱ्याच्या तोंडावरचा पडदा आपल्या हाताने उचलायचा नाही. तो नियम मोडणाऱ्यासाठी मी होतो. वजनात मारणाऱ्या दुकानदाराच्या पोटरीचा मी घास घेतला आहे. एका पाद्र्याच्या कोटाचं शेपूट अजून माझ्या घशात अडकलेलं आहे. अ‍ॅम्ब्रोज मला मिरवायचा तेव्हा मोठी माणसं टेबलाखाली शिरायची, आणि ते माझे सुखाचे दिवस होते.

पण पार्डींच्या घरात पुरुष म्हातारे होत नसत. अ‍ॅम्ब्रोजचा बाप वल्हं मारता मारता वाकला तो उठलाच नाही. अ‍ॅम्ब्रोज रंधा हातात धरून गेला. ताप नाही, खोकला नाही. छाती फडफडली आणि थांबली. गावात म्हणत, पार्डींचं घड्याळ लवकर बंद पडतं, आणि मग दुसरा विषय काढत.

त्याच्या मागे मी त्याच्या मुलांकडे आलो. थोरली ड्रुसिला जिभेची तिखट, आणि धाकटा सेल्बी हसरा. गोधडीखाली शिरून सेल्बी मला असा नाचवायचा की बापाची आठवण यावी. ड्रुसिला पस्तिशीला आली तेव्हा शहरातून डॉक्टर आले. त्यांनी घराघरांतून रक्त घेतलं आणि शोधून काढलं की हा दोष रक्तातून उतरतो, काही मुलांना मिळतो, काहींना मिळत नाही. कुणाला मिळालाय ते तपासणीत कळतं. ज्याला असेल त्याच्या छातीत एक लहानसं यंत्र बसवायचं, काळीज अडखळलं की ते धक्का देऊन पुन्हा चालू करतं. म्हणजे मरण टाळता येत होतं. आधी कळायला हवं, एवढंच.

ड्रुसिलाने लगेच तपासणी केली. तिच्यात दोष निघाला. तिने यंत्र बसवून घेतलं, आणि मग गारलंड टफने तिला बोलावलं.

हा टफ ड्रुसिला काम करायची त्या मासळीच्या कारखान्याचा मॅनेजर, आणि विमा कंपनीचा गावातला एजंटही तोच. एका खुर्चीत नोकरी, दुसरीत विमा, आणि दोन्ही खुर्च्यांवर एकच बूड. तो म्हणाला, "ड्रुसिला, बर्फाच्या खोलीतलं काम तुझ्या तब्येतीला बरं नव्हे. उद्या काही झालं तर नाव कंपनीचं. घरी आराम कर आता."

"कालही मी हेच काम करत होते, गारलंड."

"काल माहीत नव्हतं ना."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

सेल्बीला स्वतःची बोट हवी होती, खेकडे धरायला. बँक म्हणाली विमा काढ, मग कर्ज. विमा म्हणजे पुन्हा टफ. त्याने विचारलं, "तपासणी केली आहेस का? केली असशील तर निकाल सांगावा लागेल. नसशील केली तर प्रश्नच मिटला." सेल्बी घरी आला आणि माझ्या खुंटीखालच्या बाकावर बसला.

"मग मी करतच नाही, ताई," तो म्हणाला. "माहीतच नसलं की खोटं बोलायला नको."

"आणि छातीचं काय?"

"छातीला काय कळतंय, मी तपासलं की नाही ते."

"छातीला सगळं कळतं, मूर्खा. तुलाच तेवढं कळत नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," सेल्बी हसून म्हणाला. "बोट येऊ दे एकदा. मग तू म्हणशील तिथे येतो रक्त द्यायला."

बोट आली. तिचा हप्ता, तिची जाळी, तिचं इंजिन, या ना त्या निमित्ताने तपासणी राहत गेली. एका स्वच्छ, बिनवाऱ्याच्या सकाळी खेकड्यांचा पिंजरा वर ओढताना सेल्बी बोटीतच पडला. जोडीदाराने त्याला धक्क्यावर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्यविधीला टफ काळा कोट घालून आला आणि म्हणाला, "फार चांगला माणूस. किती अचानक झालं." घरी आल्यावर ड्रुसिलाने मला खुंटीवरून काढलं, मांडीवर घेतलं आणि माझे खिळे एकेक करून कानशीने घासून टोकदार केले. तेव्हापासून मला माझं काम कळलं.

सेल्बीची मुलगी एफी. तिला फेरीबोटीच्या इंजिनखोलीत नोकरी लागायची होती, आणि त्या कंपनीचा विमाही टफकडूनच. ड्रुसिला तिच्या मागे लागली की तपासणी कर. एफी ऐकेना.

"आत्या, तपासलं त्याचं काय झालं ते तुझ्याकडे बघून कळलं. नाही तपासलं त्याचं काय झालं ते बाबांकडे बघून कळलं. नोकरी तरी लागू दे."

"आणि नोकरीत मेलीस तर?"

"मग निदान बेकार मेली असं तरी कोणी म्हणणार नाही."

ड्रुसिलाने हातातली कढई आपटली. पोरगी बापावर गेली होती, हसून मरणाची गोष्ट करायची. आता ड्रुसिलाला एकच भीती होती, की एफीचंही तसंच होणार. आणि मला एकच हाव होती.

त्या नाताळात पार्डींचं सगळं कुळ निघालं. सगळ्यांनी एकसारख्या पांढऱ्या चादरी पांघरल्या, एकसारखे पडदे तोंडावर घेतले. ड्रुसिला माझ्या गोधडीखाली होती, एफी शेजारी. आम्ही टफच्या स्वयंपाकघरात शिरलो. निम्मं गाव तिथे केक खात होतं. टफची म्हातारी आई ब्लांच चुलीजवळच्या खुर्चीत बसली होती. सोंगं ओळखण्यात टफचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, आणि त्याला त्याचा तोराही होता. त्याने हात चोळले. "या, या. चालीवरून सांगतो एकेकाला."

"चालीवरून नको," ड्रुसिला श्वास ओढत म्हणाली. "आमच्यातल्या काहींच्या रक्तात ते आहे, काहींच्या नाही. तू विमेवाला ना? ओळख बघू कुणाकुणाच्यात आहे."

स्वयंपाकघरातलं हसणं थांबलं.

"नाताळात धंद्याच्या गोष्टी कशाला?" टफ म्हणाला.

"वर्षभर तूच विचारतोस. आज आम्ही विचारतोय. हिच्यात आहे का?" तिने माझं तोंड एफीकडे वळवलं. "बघ नीट. उंच आहे, दणकट आहे. कामावर ठेवशील? का घरी पाठवशील?"

"कोण आहेस तू?" टफ चिडून एफीला म्हणाला, आणि मित्रांनो, त्याने हात पुढे करून तिचा पडदा धरला.

आमच्याकडे दारुडासुद्धा असं करत नाही. ड्रुसिलाने दोरी ओढली की मी आपणहून मिटलो, ते आजही मला सांगता येणार नाही. त्याचा पंजा माझ्या दातांत होता आणि मी सोडत नव्हतो. अ‍ॅम्ब्रोजसाठी धरला, सेल्बीसाठी दाबला. टफ विव्हळला. मी सोडला तेव्हा माझ्या खिळ्यांवरून रक्त ओघळत होतं. मला फार बरं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

ड्रुसिला आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली, "आता तुझं रक्त आमच्याकडे आहे, गारलंड. पाठवू का शहरात? बघू तरी तुझ्यात काय आहे."

"माझ्यात काय असणार? मी टफ आहे."

तेव्हा चुलीजवळून म्हातारी ब्लांच बोलली. "माझी आई पार्डीच होती रे. अ‍ॅम्ब्रोजच्या बापाची सख्खी बहीण. आणि आपला सिरिल धक्क्यावरून पडला म्हणतोस. पोहणारा पोरगा, शांत पाण्यात कसा बुडेल? मी तेव्हाच म्हटलं होतं. तू म्हणालास, प्यायला होता."

सिरिल हा टफचा धाकटा भाऊ. आमच्या गावात माणसाचं आडनाव बापाकडून येतं, आणि आईकडचं नाव दोन पिढ्यांत विसरून जातात. पार्डींची छाती ती पार्डींची, असंच सगळे धरून चालले होते. टफसुद्धा. त्याने रक्ताळलेला पंजा छातीशी धरला. कोणी त्याला केकचा तुकडाही विचारला नाही. आम्ही नाचलो आणि निघून आलो.

त्या वसंतात राजधानीत कायदा झाला. ड्रुसिलासारखी माणसं देशभर त्यासाठी कित्येक वर्षं भांडत होती, आणि विमेवाले उलट भांडत होते. कायदा म्हणतो, रक्ताची असली तपासणी कर अशी सक्ती कोणी करायची नाही. केली असेल तर निकाल दाखव म्हणायचं नाही. दाखवला नाही म्हणून विमा नाकारायचा नाही, काम नाकारायचं नाही. मोडेल त्याला दंड, नाहीतर तुरुंग. मला हसू आलं. दुसऱ्याचा पडदा उचलू नये, एवढं कळायला शहाण्यांना इतकी वर्षं लागली. एफी त्याच आठवड्यात ड्रुसिलाबरोबर शहरात जाऊन रक्त देऊन आली.

पुढच्या नाताळात आमच्या दाराशी एक सोंग आलं. एकटंच. बाईचा झगा, पोटाला उशी, तोंडावर दुहेरी पडदा. घर पाहुण्यांनी भरलं होतं. त्याच्या हातमोज्यातला उजवा पंजा नीट मिटत नव्हता. मी ओळखला, आणि ड्रुसिलाने माझ्याआधी ओळखला. नुसतं नाव घ्यायचा अवकाश, सगळ्यांसमोर त्याला पडदा वर करावा लागला असता. घे, मी मनात म्हणालो. घे त्याचं नाव.

तिने मला खुंटीवरून काढून मांडीवर ठेवलं. "कोण बाई तू? दुकानदाराची सासू का?" सगळे हसले. "नाही? मग त्या पाद्र्याची बकरी असशील." पुन्हा हसले. तिने त्याच्यापुढे पेला धरला. पडदा न उचलता त्याला पिता येईना. तिने तो तसाच धरून ठेवला, माझा जबडा उघडमीट करत. तो घामाघूम होऊन उभा राहिला. पुरेसा वेळ झाल्यावर ती म्हणाली, "नाही बाई ओळखता आलं."

ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली. मी तिच्या काखेत होतो, म्हणून ऐकलं.

"मंगळवारी शहरातली नर्स दवाखान्यात येते," ती म्हणाली. "मागच्या दाराने ये. रक्त दे. तिथे तुला कोणी काही विचारणार नाही, गारलंड. आता कायदा आहे. तेव्हा तू विचारायचास."

तो बर्फातून निघून गेला.

तिने त्याला सोडलं. मी नाही सोडलं. जो कायदा सेल्बीसाठी फार उशिरा आला, तो टफच्या कामी यावा, हे माझ्या लाकडाला अजून सोसत नाही. पण तो तपासणी करून आला असेल तर जगेल, आणि जगेल तितके नाताळ मला भिऊन काढेल. एवढ्यावर मी समाधान मानतो.

आता मी म्हातारा झालो आहे. गोधडी कुजली, एक कान मोडला. पोरांना लागू नये म्हणून माझे खिळे उपटून टाकावेत असं गावच्या समितीत निघालं आहे. मित्रांनो, एवढं होऊ देऊ नका. मला रंग नाही दिलात तरी चालेल, अडगळीत टाकलंत तरी चालेल. खिळ्यांना मात्र दरवर्षी तेल लावा. नियम नुसता सांगून राहत नाही, तो मोडणाऱ्याला चावणारं कोणीतरी खुंटीवर असावं लागतं.

आणि एफी? ती फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काम करते, हात काळे करून घरी येते, आत्याशी भांडते. तिचा निकाल काय आला, हे तुमच्या ओठांवर आलं आहे, मला दिसतंय.

विचारू नका. माझे दात अजून शाबूत आहेत.