पेटीमागची जागा

"अजून एक द्या," फिलोमिनाबाई म्हणाल्या आणि मागे न बघताच हात पुढे केला.

किसनरावांनी तळहातावरची टाचणी उचलून त्यांच्या बोटांत दिली. कागदाचा खालचा कोपरा बसला. बाई मागे सरकल्या आणि मान तिरकी करून आपलंच अक्षर न्याहाळू लागल्या. मिशनच्या शाळेत फळ्यावर रोज सुविचार लिहून कमावलेलं अक्षर होतं ते. निवृत्तीनंतर त्याला चर्चच्या नोटीसबोर्डाखेरीज दुसरं काम उरलं नव्हतं.

'उपवासकाळाच्या पहिल्या रविवारपासून गायकवृंदात व वाद्यांवर केवळ बाप्तिस्मा घेतलेल्यांनीच सेवा करावी.' खाली फादरांची सही. सही फादरांची असली तरी वाक्य बाईंचं होतं. त्यातला 'केवळ' तर खासच त्यांचा.

किसनरावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून सगळं सावकाश वाचलं.

"अक्षर चांगलं आलं," ते म्हणाले.

मग उरलेल्या टाचण्या डबीत टाकल्या, झाकण दाबून बसवलं आणि ते स्कूटर काढायला गेले.

बाईंच्या बाजूनंही बोलायला हवं. अमरावतीतल्या त्या लहानशा चर्चमध्ये गाणारी कॅथलिक पोरं एकेक करून पुण्याला, नागपूरला नोकरीला गेली. त्यांच्या जागी राजापेठेतल्या ट्यूशन क्लासची पोरंपोरी आली. आवाज गोड, वक्तशीर, वागायला नम्र. पण आपण गातो ते काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटत नव्हतं. लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा शुभम नाताळच्या उपासनेला, मिस्सेला, आला आणि गौरवगीताला त्यानं असा काही ठेका धरला, की मागच्या बाकावरची पाहुणेमंडळी खांदे उडवू लागली. एकानं तर शिट्टी मारली. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फादर अँड्र्यूंच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, "फादर, परक्या माणसानं आत पाऊल टाकलं तर हे कॅथलिकांचं चर्च आहे एवढं तरी त्याला कळावं की नाही?"

फादर वसईकडचे, तरुण, नव्यानंच आलेले. त्यांनाही तो ठेका टोचला होता. त्यांनी मान डोलावली.

गायकवृंदात बाईंच्या खालोखाल जुने असलेले जानराव तायडे यांनी तेवढी शंका काढली होती. जानराव बाप्तिस्म्यानं कॅथलिक आणि स्वभावानं विरोधी पक्षातले.

"टीचर, शुभम गेला, ते ट्यूशनवाली रागिणी गेली. मंग गायाले कोन उरते? तुमी, मी अन् दोन म्हाताऱ्या."

"देव डोकी मोजत नाही, जानराव."

"देव नाई मोजत. पन वरचा सूर लावाले गळा लागते ना, बाप्पा."

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला रविवार आला. बाईंनी गीतपुस्तक उघडलं, बोट प्रवेशगीतावर ठेवलं आणि सुराची वाट पाहिली. सूर येईना. त्यांनी वळून पाहिलं. पेटीवर जांभळं कापड तसंच होतं. पेटीमागची सतरंजी रिकामी.

खिडकीतून बाहेर कडुनिंब दिसत होता. त्याखाली स्कूटर, स्कूटरवर किसनराव, मांडीवर हेल्मेट. बाईंनी हातानं 'या' केलं. किसनरावांनी हसून मान हलवली, नाही.

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं.

हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे. आपला नवरा कॅथलिक नाही, हे त्या विसरल्या होत्या. त्याच काय, सगळं चर्च विसरलं होतं. किसनराव होले हे वलगावकडचे माळी. वेदीसाठी झेंडू आणि निशिगंध घेऊन तरुणपणी पहिल्यांदा आले, तेव्हा जुन्या पेटीचा भाता फाटलेला होता. गावच्या भजनात पेटी वाजवणारा माणूस तो. त्याला राहवलं नाही. भाता दुरुस्त करता करता गाणारी मुलगी दिसली. बिशपांच्या परवानगीनं लग्न झालं. लेकीचा बाप्तिस्मा झाला, ती मोठी होऊन सासरी गेली. किसनराव पेटीमागे बसले ते बसलेच. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, उपवासकाळात वेदीवर फुलं चालत नाहीत, सगळं त्यांना पाठ. राहता राहिलं कम्युनियन. सारे जण रांग लावून ख्रिस्तशरीर घ्यायला वेदीपाशी जात, तेव्हा किसनराव वाजवत असत. वाजवणारा माणूस रांगेत का नाही, असं कोण विचारणार? पेटीनं त्यांना इतकी वर्षं झाकून घेतलं होतं. आता पेटीविना बाकावर बसायचं, तर साऱ्या चर्चनं उठून जायचं आणि आपण एकट्यानं बसून राहायचं. त्यापेक्षा कडुनिंब बरा.

बाईंनी त्या दिवशी प्रवेशगीत इतकं वर धरलं, की दुसऱ्या ओळीला दोन्ही म्हाताऱ्या गप्प झाल्या.

मिस्सा संपल्यावर त्या फादरांना गाठायला गेल्या. फादर झगा उतरवून घडी घालत होते.

"किसनराव कॅथलिक नाहीत?" घडी तशीच हातात राहिली. "टीचर, शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला माझ्या आधी येऊन बसणारा माणूस तो."

"नाहीत."

"मग एक ओळ घालू या. 'धर्मगुरूंच्या परवानगीने अपवाद.'"

बाई क्षणभर मोहात पडल्या. चेहऱ्यावर दिसलंही ते. मग त्यांनी पदर खांद्यावर नीट केला.

"शुभमची आई भाजीबाजारात भेटते मला. तिला काय सांगू? तुमचा मुलगा परका आणि माझा नवरा अपवाद?"

फादरांनी झगा कपाटात ठेवला. "मग दुसरं. त्यांची इच्छा असेल तर बाप्तिस्म्याची तयारी सुरू करू. पुढच्या ईस्टरला होईल. तयारी सुरू झाली की पेटीवर बसायला माझी हरकत नाही." मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी विचारलं, "त्यांचं म्हणणं काय आहे? तुम्ही विचारलं असेलच ना कधी."

 बाई समोरच्या मेणबत्तीवरचा ओघळ नखानं खरवडू लागल्या.

"लग्न झालं तेव्हा ह्यांच्या आळीत बोलत होते," शेवटी त्या म्हणाल्या. "पोरीनं माणूस बाटवला म्हणून. मी म्हणायची, बघा, तसाच आहे. चारचौघांत मोठ्यानं म्हणायची. मग मी तेच म्हणत राहिले."

घरी किसनराव अंगणात बसून रोपांच्या पिशव्या भरत होते. बाई समोर पायरीवर बसल्या. 

"आयकता का?"

"आयकून राहिलो."

"फादर म्हणत होते..."

"हाव."

"की तुमची इच्छा असली तर..."

किसनरावांनी माती दाबली, पिशवी बाजूला ठेवली, दुसरी उचलली.

"पेटीसाठी नको इचारू, फिलू," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. रोपाला पाणी घाल म्हणावं तसा.

बाई उठून आत गेल्या. चहा ठेवला. तो उतू गेला तेव्हा त्या शेगडीसमोरच उभ्या होत्या.

पुढचे आठवडे असेच गेले. दर शुक्रवारी, दर रविवारी किसनराव बायकोला स्कूटरवरून आणून सोडत आणि कडुनिंबाखाली बसत. फाटकापाशी भाजीची गाडी लावणाऱ्या बेबीताईंना हे फार दिवस बघवलं नाही.

"काहून किसनभाऊ, भाईर काढलं का तुमाले?"

"नाई वो ताई. इथं हवा चांगली हाय."

"उनाची झळ लागून राहिली, अन् म्हन्ते हवा चांगली! कोनं काढलं? त्या नव्या फादरनं?"

"टाचण्या मीच देल्ल्या," किसनराव म्हणाले. बेबीताईंना काही उमगलं नाही. त्यांनी एक काकडी सोलून त्यांच्या हातात दिली.

आत गायन कसं चाललं होतं, ते न सांगितलेलं बरं. गंभीर मात्र पुरेपूर झालं होतं. शिट्टी मारण्याची कोणाची छाती झाली नसती. जानराव म्हणाले, "आता परका मानूस आत आला त त्याले नक्की समजन का हे कॅथलिकायचं चर्च हाय. मयत झाली वाटते, असंई समजन." बाई रागावल्या नाहीत. त्या रागावत नाहीत, हे पाहून जानरावांनी पुढचा टोमणा गिळला. हा त्यांच्या आयुष्यातला विरळा प्रसंग म्हणायचा.

गुड फ्रायडेला दुपारी डांबर मऊ झालं होतं. वेदी उघडी, वस्त्र नाही, मेणबत्ती नाही, फूल नाही. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर घंटा वाजत नाही की कोणतंही वाद्य, ते थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत. पेटी जांभळ्या कापडाखाली भिंतीशी सरकवून ठेवली होती. सगळं जिथल्या तिथं, जुन्या रीतीप्रमाणे. बाईंना हवं होतं तसंच.

ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं वाचन झालं, प्रार्थना झाल्या. फादरांनी क्रूस उघडा करून वेदीच्या पायरीपुढे धरला आणि लोक अनवाणी रांगेनं वंदनाला निघाले. बाईंनी गाणं धरलं. धरतानाच कळलं, की वर गेलं. गुड फ्रायडेला पेटी कधीच वाजत नसे. पण आदल्या वर्षापर्यंत तिच्या शेजारी एक माणूस असे, आणि तो ओठ मिटून हलकेच सूर गुणगुणून देई. हे बाईंना आज आठवलं. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज चिरकला. एक म्हातारी खोकू लागली. जानराव छताकडे बघू लागले.

तेव्हा खालच्या पट्टीत एक सूर आला. मिटल्या ओठांतून, सपाट, बरोबर जिथं हवा तिथं.

रांगेत किसनराव होते. पँटच्या पायाला लाल माती, हातात हेल्मेट नाही. क्रूसाला वंदन करायला कोणीही येऊ शकतो; त्या रांगेत बाप्तिस्मा विचारत नाहीत. ते एकेक पाऊल पुढे येत होते आणि सूर धरून होते. बाई थांबल्या, श्वास घेतला, तो सूर उचलला. म्हाताऱ्या आल्या. जानराव आले. फादरांनी क्रूस धरल्या धरल्या मान वर केली, सूर कुठून येतोय ते पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

किसनराव क्रूसापाशी आले तेव्हा गुणगुणणं थांबलं. त्यांनी वाकून क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या पायांना कपाळ टेकलं, मग ओठ टेकले. बाईंना वाटलं, आता ते मागच्या मागे कडुनिंबाकडे जातील.

ते मधल्या एका बाकावर जाऊन बसले.

कम्युनियनची वेळ झाली. बाकं एकामागून एक उठली. किसनरावांच्या बाकावरचे लोक त्यांचे गुडघे चुकवत बाहेर पडले. ते बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. रांगेतून परतणाऱ्या काहींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. कोणाकोणाला तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल.

गाणारे सगळ्यांच्या शेवटी गेले. कम्युनियन घेऊन जानराव आणि दोन्ही म्हाताऱ्या आपल्या जागी परतल्या. फिलोमिनाबाई परतल्या नाहीत. मधल्या बाकापाशी त्या थांबल्या. किसनराव सरकले. बाई बसल्या, डोळे मिटून गुडघे टेकले, पुन्हा बसल्या. जानरावांनी हातवारे करून पाहिले आणि अखेर नाइलाजानं स्वतःच गाणं धरलं.

बाईंनी बऱ्याच वेळानं हळूच विचारलं, "आत काहून आले?"

किसनरावांनी भिंतीशी झाकून ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं.

"आज पेटी नाई," ते म्हणाले. "आता इचार."

 बाईंनी दोघांच्या मधलं गीतपुस्तक उचलून पलीकडे ठेवलं. मग नवऱ्याच्या कानाशी झुकून त्या काही बोलल्या.

जानरावांनी गाता गाताच कान टवकारले. पण कडवं नेमकं वरच्या ओळीवर आलं होतं आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. दिसलं ते एवढंच, की किसनरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. बोटं किंचित फाकलेली, जशी ते पेटीवर ठेवत.