एकाहत्तर सालचा रंग

मांजरपाट पहिल्या पाण्यात आटतो.

उजनीच्या पाण्याखाली फुटबॉलचं एक मैदान आहे. दोन्ही गोलांच्या जागी आता चिलापी मासे फिरतात आणि कुणीच ऑफसाइड होत नाही.

"छातीवर खिसा कशाला? गोल मारून झाल्यावर तंबाखू मळायची का?"

भंडारा अंगावर उडाला तर झटकायचा नसतो.

काळ्या-पांढऱ्या फोटोत सगळ्यांचे कपडे एकाच रंगाचे असतात.

"कॉलर पायजे म्हंजे पायजे. बिनकॉलरचा गडी गंजिफ्राकावर भाईर आल्यावाणी दिसतो."

बारामतीच्या दुकानातला नायलॉन काडी लावली तर भुर्रकन जळेल, पण रंग सोडणार नाही.

*

तर झालं असं. भिगवणच्या नवज्योत फुटबॉल संघाने एकाहत्तर साली मोठा चषक जिंकला होता, त्याला शहाण्णवच्या डिसेंबरात पंचवीस वर्षं भरत होती. कुस्ती-कबड्डीच्या मुलखात हे खूळ आणलं मानसिंग मास्तरांनी. कोल्हापूरकडून बदलून आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि चेंडू जास्त होते म्हणतात. पुढे मास्तर गेले, त्यांचं मैदान धरणात गेलं, खूळ मात्र जागचं हललं नाही.

संघाचा अध्यक्ष दादासो. हायवेला त्याचं माशाचं हॉटेल. त्याने जाहीर केलं की पंचविशीचा सामना बारामतीच्या संघाशी होईल, आणि त्या दिवशी आपली पोरं रोजचा निळा नायलॉन न घालता एकाहत्तर सालचा ड्रेस घालून उतरतील. जसा होता तसा.

शिवायचं काम आलं मनिषाकडे.

मनिषा जोतीरामची सून. जोतीराम त्या जुन्या संघाचा फॉरवर्ड. त्याच्या बापाने मेंढरं राखली, त्याने ऊस लावला, पण कुणी ओळख विचारली तर तो अजून "फॉरवर्ड" म्हणून सांगायचा. मनिषाचं शिवणयंत्र घराच्या पडवीत. नवरा एसटीत वाहक, दिवसभर बारामतीकडे. ही दिवसभर यंत्रावर. झंपर, परकर, पोरींचे फ्रॉक. गड्यामाणसाच्या अंगावर चढेल असं कापड तिच्या हाती आजवर कुणी दिलं नव्हतं. दादासोने दिलं तेही जोतीरामच्या शब्दाखातर, आणि वर अट घालून.

"सूनबाई, लोकांनी नावं ठिवली तर हाफटाइमला मी पोरास्नी निळा ड्रेस चढवणार. मागनं रुसू नगा."

"चढवा की," मनिषा म्हणाली.

म्हणाली खरं. पण त्या रात्रीपासून तिला एवढंच हवं होतं: शेवटची शिट्टी वाजेल तेव्हा पोरांच्या अंगावर आपले शर्ट असावेत. कापडाला नावं ठेवली तर ती ऐकून घेणार होती. पण भर मैदानात, साऱ्या गावासमोर ते उतरवून ठेवले, तर पुन्हा जन्मभर झंपरच.

*

कापड ठरलं: साधा सुती मांजरपाट.

कॉलर ठरली. खिसाही ठरला, कारण एकाहत्तर साली पोरं शाळेचे पांढरे सदरेच घालून गेली होती आणि शाळेच्या सदऱ्याला खिसा असतोच. फायनलला समोरचा संघही पांढऱ्यातच येणार असं कळलं, तेव्हा आदल्या दिवशी हे सदरे घाईघाईने रंगवले होते.

रंग ठरेना.

"पिवळा," जोतीराम म्हणाला.

"लाल," गंगाराम म्हणाला. हा तेव्हाचा गोलकीपर. आता रेल्वेत, भिगवण स्टेशनात कामाला. ड्यूटी सुटली की सायकल थेट जोतीरामच्या पडवीला टेकायची.

"आरं, माझ्या आईनं हळदीत बुडवल्याली कापडं. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"ती हळद कांडली कुणी? माझ्या आयनं, तुळसानं. मला हळद नगं सांगू, जोत्या. पर फायनलच्या दिशी माझ्या अंगावर लाल हुता. कुकवावाणी."

"तू जल्मभर गोलात हुबा. तुला तितनं काय दिसनार?"

"माझं अंग तरी दिसतंय न्हवं मला?"

मनिषाने यंत्राचं चाक थांबवलं. "तात्या, साबण लागला आसंल. हळदीला साबण लागला की लाल हुतंच."

"साबण?" गंगाराम हसला. "दुसरा सदरा कुठं हुता मला, धुवायला ह्यो काढून ठिवायला? सामना सपोस्तवर अंगावरच हुता, पोरी."

मास्तरांनी काढून घेतलेला फोटो होता, पण काळा-पांढरा. त्यात सगळे राखाडी.

*

मतं.

पाराजवळ: "पिवळाच. भंडाऱ्याचा मान हाय त्यात."

स्टेशनात, चहाच्या गाड्यावर: "लाल हुता. मी दुसऱ्या हाफला गेल्तो, मला चांगलं याद हाय."

सलूनमध्ये, अर्ध्या दाढीने: "रंग कुटलाबी आसू द्या, पर खिशावर नाव पायजे."

मासळीबाजारात: "खिसा काढा आदी."

सर्जेराव, जो एकाहत्तर साली अकलूजला मामाकडे होता आणि ज्याने तो सामना पाहिलाच नव्हता: "हिरवा हुता."

शाळेतली पोरं, ज्यांनी टीव्हीवर ब्राझील पाहिलं होतं: "पिवळा! पिवळा! पिवळा!"

आणि जवळजवळ सगळे, आवाज थोडा खाली आणून: "पर शिवतंय कोण? झंपर शिवनारी न्हवं?"

*

मनिषाने डोळ्यांचं भांडण सोडून दिलं आणि हातांचं ऐकायचं ठरवलं. आजेसासूने, म्हणजे जोतीरामच्या आईने, साखरबाईने, तेव्हा जे केलं तेच करायचं. रंग काय तो हळद ठरवील.

मांजरपाट आधी भिजवून आटवून घेतला. मग तुरटीच्या पाण्यात. मग चुलीवर तांब्याचं घंगाळ, त्यात हळद, आणि घरभर असा वास की शेजारची छबूबाई विचारायला आली, "कुणाचं लगीन काढलंय?" कापड सावलीत वाळलं. ऊन लागू दिलं नाही. शिवताना तिची नखं पिवळी, यंत्राची सुई पिवळी, जेवताना भाकरीसुद्धा पिवळी. बगलेत तिने कळी घातली, झंपराला घालते तशी, म्हणजे हात वर गेला तरी शर्ट वर चढू नये. हे कुठल्या फोटोत नव्हतं. हे तिचं होतं.

गोलकीपरलाही तोच शर्ट. गोलकीपरचा रंग वेगळा असतो हे एकाहत्तर साली इथे कुणाला ठाऊक होतं!

घालून दाखवायला गंगारामचा पोरगा आला, बुद्धघोष. तोच आता गोलात उभा राहायचा आणि संघाचा कॅप्टनही तोच. त्याने दोन्ही हात वर केले, वाकला, झेपावल्यासारखं केलं.

"वहिनी, काखंत कुटंच वढत न्हाय बगा!"

"बापाला सांग."

गंगारामने लांबूनच पाहिलं. "शिवलाय झ्याक. रंग चुकलाय."

*

रविवारी शाळेचं मैदान भरलं. दादासोने चुन्याची फक्की पोत्याने आणली होती. "पंचविशीचा सामना हाय, रेषा एसटीतनं दिसल्या पायजेत," म्हणून हात-हात रुंद रेषा मारून घेतल्या. पाहुण्यांना नारळ दिले. आणि नवज्योतची पोरं ओळीने मैदानात आली, हळदीच्या पिवळ्या रंगात, कॉलर ताठ, छातीवर खिसा.

मग बारामतीच्या बाजूने कुणीतरी ओरडलं,

"आरं, नवरदेव आलं, नवरदेव!"

झालं. पुढचा अर्धा तास तेच. "मुंडावळ्या इसरलं का रं?" "करवली कुटाय?" चेंडू कुणाच्या पायात गेला की, "सावधान!" बुद्धघोषने चेंडू धरला की, "नवरीचं बाशिंग धरल्यावाणी धरतंय बघा!" पहिल्यांदा बारामतीवालेच हसत होते. मग भिगवणवालेही हसायला लागले, आणि मनिषाला लागलं ते हेच. ती कडेला बाभळीखाली बायांच्यात बसली होती. छबूबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मनिषाने तो हळूच बाजूला केला.

समोर दादासो उठला. टेम्पोतून त्याने निळ्या नायलॉनचं गाठोडं काढून आणलं आणि खुर्चीशेजारी, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

जोतीराम त्याच्याकडे गेला. "दादासो, अजून हाफटाइम झाला न्हाय."

"हुईल की आता."

"शिवण उसावली का कुणाची?"

"शिवणीचं न्हाय, आबा. हसं हुतंय गावाचं."

तेवढ्यात बारामतीचा फॉरवर्ड एकटाच सुटला.

बॅक मागे पडले. बुद्धघोष पुढे आला, थांबला, मागे सरला. चेंडू डाव्या कोपऱ्यात चालला होता. तो आडवा झेपावला, बोटांनी चेंडू खांबाबाहेर काढला आणि घामाने भिजलेल्या छातीनिशी गोलरेषेवर, त्या हातभर रुंद चुन्यावर, लांबच लांब घसरत गेला.

टाळ्या पडल्या. तो उठला. छाती पांढरीफेक. त्याने हाताने चुना पुसला.

टाळ्या थांबल्या.

छातीवर, खिशापासून कमरेपर्यंत, लालभडक पट्टा.

"रगात!" बायांच्यात कुणीतरी किंचाळलं. रेफ्रीने शिट्टी मारली. गंगाराम धावला, पंचेचाळिशीचा माणूस, पायातली चप्पल मागे टाकून. बुद्धघोषने घाबरून शर्ट वर केला. खाली साधी कातडी, कुठे ओरखडासुद्धा नाही. त्याने शर्ट खाली सोडला. लाल तसाच.

गंगारामने बोट लावलं. बोट नाकाशी नेलं. मग तो वळला आणि अख्ख्या मैदानावरून ओरडला,

"जोत्याऽऽ! हितं ये! लाल म्हनलो हुतो का न्हाय मी?"

जोतीराम गेला. दोघं त्या पोराच्या छातीकडे वाकून बघत राहिले. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे तिथल्या प्रत्येक बाईला, प्रत्येक पोरीला, निम्म्या गड्यांना ठाऊक होतं. मैदानाच्या रेषा चुन्याच्या असतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं. हे दोन्ही एकत्र करायचं मात्र पंचवीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मनिषाच्यासुद्धा.

"तू गोलात लोळायचास," जोतीराम सावकाश म्हणाला. "मी काय लोळायचो न्हाय. म्हनून माझा पिवळा राह्यला."

"लोळायचास कसा! तू पडायच्या आदी कपडं सांभाळायचास."

पहिल्यांदा हसला तो रेफ्री. मग भिगवणवाले. पण हे हसणं मघाचं नव्हतं.

हाफटाइमला दादासोने गाठोड्याची गाठ सोडली. बुद्धघोष समोर उभा राहिला, छातीवरचा लाल पट्टा तसाच.

"दादा, ते बांधून ठिवा."

"आरं पर लोक..."

"माझ्या बापाचा रंग हाय ह्यो. अंगावरनं काढनार न्हाय."

दादासोने आजूबाजूला पाहिलं. पोरं कुणीच हात पुढे करीनात. त्याने गाठ पुन्हा मारली आणि गाठोड्यावरच बसला.

दुसऱ्या हाफमध्ये खेळ कमी आणि लोळणं जास्त झालं. थ्रो-इन घ्यायच्या आधी पोरं बाजूच्या रेषेवर खांदा घासून घ्यायची. कॉर्नरला जो तो पडायचा. ज्याचा शर्ट कोरा पिवळा त्याला कडेचे लोक ओरडायचे, "आरं, तू खेळतूयास का वरातीत आलायस?" बारामतीवाल्यांनीही सूर बदलला: "हळद झाली, कुकू झालं, आता अक्षदा टाका!" सामना एक-एक सुटला. आमचा गोल ज्याने हेड मारून केला त्याच्या कपाळावर चुना होता आणि कॉलर लाल.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मनिषा उभी होती. कधी उठली ते तिला कळलं नव्हतं. अकरा शर्ट समोर होते, कुणाचा पट्ट्याचा, कुणाचा ठिपक्यांचा, एकासारखा दुसरा नाही, आणि एकाचीही शिवण उसवली नव्हती.

सर्जेराव शेजारून जाताना म्हणत होता, "खिसा ठिवा म्हनून मीच सांगितल्यालं." मासळीबाजारवाले म्हणत होते, कळी भारी घातलीय. दादासो गाठोडं काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "सूनबाई, निळा ड्रेस पावसाळ्याला ठिवू. बाकीचं सालभर ह्योच."

"मापं पुन्यांदा घ्यावी लागतील," मनिषा म्हणाली. "दोगांची पोटं सुटल्यात."

जोतीराम आणि गंगाराम सायकल मध्ये धरून घराकडे चालले होते. दोघंही खरे निघाले हे दोघांनाही फारसं रुचलं नव्हतं. पिवळा जास्त का लाल जास्त, यावर स्टेशनापर्यंत वाजलं.

त्या दिवशी सकाळी मनिषा जो झंपर घालून घरातून निघाली होती, तो त्याच हळदीच्या मांजरपाटाच्या उरलेल्या तुकड्यातून शिवलेला होता.